गाण्याची जाहिरात: पैसे कुठे जातात, श्रोते कुठून येतात

गाणं तयार झालं. मिक्सिंग-मास्टरिंगचे पैसे देऊन झाले. डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी सगळ्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, ते स्पॉटिफाय, जिओसावन आणि यूट्यूब म्युझिकवर चढलं. पहिल्या दिवशी मित्रमंडळींनी ऐकलं, नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर अंगठे पाठवले. तिसऱ्या दिवसापासून आकडा जागचा हलेना. नेमकं तेव्हाच इन्स्टाग्राम सुचवतं की ही पोस्ट 'बूस्ट' करा. स्वतंत्र कलाकारांची, म्हणजे पाठीशी म्युझिक कंपनी नसलेल्यांची, जाहिरातीशी पहिली ओळख बहुधा याच बटणाने होते. पहिले पैसेही बहुधा तिथेच वाया जातात.

ते का जातात हे एकदा कळलं की पुढचं काम फारसं अवघड नाही. त्यासाठी ना मार्केटिंगचं शिक्षण लागतं, ना एजन्सी. थोडा धीर मात्र लागतो.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवू. 2020 च्या जूनअखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या, आणि तेव्हापासून 'व्हायरल' हा शब्द प्रत्येक गायकाच्या तोंडी आहे. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 मध्ये ज्या वेगाने पसरलं, तसं आपलंही पसरावं असं कुणाला वाटणार नाही? पण लोकांनी आपणहून रील्स केल्या म्हणून ते गाणं पसरलं. ती गोष्ट विकत मिळत नाही. विकत मिळतात ती अनोळखी माणसाची दहा-पंधरा सेकंदं. ती कोणत्या माणसाची असावीत, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

जाहिरात लागते कशी

आपण रील्स बघताना मधेच जाहिरात येते. त्या एकेका जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. बाजार समितीत कांद्याचा होतो तसाच, पण इथे सर्वांत मोठी बोली जिंकेलच असं नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकची मालक कंपनी मेटा तीन गोष्टी जमेस धरते: आपली बोली, समोरचा माणूस आपल्याला हवी ती कृती करण्याची शक्यता, आणि जाहिरातीचा दर्जा. लोक जाहिरात थांबून बघतात की 'नको' म्हणून लपवतात, यावरून हा दर्जा ठरतो. म्हणूनच चांगली क्लिप घेऊन आलेला एकटा गायक मोठ्या साबणकंपनीच्या शेजारी जागा मिळवू शकतो.

यातली 'हवी ती कृती' आपण सांगायची असते, आणि यंत्रणा ती अक्षरशः मनावर घेते. व्ह्यू मागितले तर व्हिडिओ नुसते चालू ठेवणारी माणसं मिळतात. क्लिक मागितले तर दिसेल त्यावर बोट ठेवणारी मिळतात. ही माणसं स्वस्त असतात, कारण त्यांच्याकडून दुसरं काही होत नाही हे यंत्रणेला ठाऊक असतं. बूस्ट करताना आपण घाईत प्रोफाइलच्या भेटी किंवा क्लिक मागतो, तेच मिळतं, आणि वर म्हणतो की जाहिरात चालत नाही. जाहिरात चाललेली असते. मागणी चुकलेली असते.

पैसे लावण्याआधी

जाहिरातीतून आलेला माणूस आपल्या घरात येणार आहे, तेव्हा घर आवरलेलं हवं. स्पॉटिफायवर फोटो, चार ओळींचा परिचय आणि इन्स्टाग्रामवर चालू असलेलं पान एवढं पुरे. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावं. देवनागरीत एक आणि रोमनमध्ये दोन, अशी तीन नावं असली तर एकाच गायकाची तीन पानं तयार होतात आणि श्रोते विखुरतात. मराठी कलाकारांत हा गोंधळ फार आढळतो.

'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' हे कलाकारांसाठीचं मोफत ॲप आहे. त्यात आपल्या पानावर हक्क नोंदवून घ्यावा. गाणं प्रसिद्ध होण्याच्या निदान सात दिवस आधी तिथून संपादकांकडे पाठवलं, तर ते आपल्या फॉलोअरच्या 'रिलीज रडार' या आठवडी यादीत जातं. याला एक पैसा लागत नाही, तरी अनेकांचं राहून जातं, कारण गाणं डिस्ट्रिब्युटरकडे आदल्या दिवशी पाठवलेलं असतं. तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत.

हक्कांचं बघून घ्यावं. तुकोबांचा अभंग गायला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच अभंगाला गेल्या शतकातल्या संगीतकाराने चाल लावली असेल, तर ती चाल बहुधा अजून त्याच्या वारसांची किंवा कंपनीची असते. भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. 'पारंपरिक' समजून घेतलेली चाल तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधली निघते, आणि जाहिरात ऐन भरात असताना गाणंच खाली उतरवावं लागतं.

दुसरी अडचण विचित्र आहे. आपलंच गाणं इन्स्टाग्रामच्या म्युझिक लायब्ररीतून निवडून रील केली, तर ती रील जाहिरातीसाठी वापरता येत नाही. ते 'परवान्याचं संगीत' आहे असं यंत्रणा म्हणते, आणि मालक आपणच आहोत हे तिला कळत नाही. म्हणून जाहिरातीचा व्हिडिओ बाहेर संपादित करून, आवाज त्यातच बसवून चढवावा. तरीही अडवलं तर डिस्ट्रिब्युटरला लिहून आपलं खातं मोकळं करून घ्यावं लागतं. याला काही दिवस जातात, म्हणून गाणं प्रसिद्ध होण्याआधीच हे तपासावं.

खातं आणि मधलं पान

आता बूस्टचं बटण विसरून 'ॲड्स मॅनेजर'कडे वळू. मेटाचं हे जाहिरात चालवण्याचं दालन संगणकावर उघडावं, मोबाइलवर अर्ध्या गोष्टी सापडत नाहीत. त्यासाठी फेसबुक पेज, त्याला जोडलेलं इन्स्टाग्रामचं व्यावसायिक किंवा क्रिएटर खातं आणि पैसे भरण्याची सोय एवढं लागतं. यूपीआयनेही पैसे भरता येतात. हिशेब करताना 18 टक्के जीएसटी धरावा. दहा हजारांची जाहिरात 11,800 ला पडते. बिलं उतरवून ठेवावीत, कार्यक्रमांचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवताना हा खर्च म्हणून लागतो.

खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोड, आजच लावावी. जाहिरातीचं खातं चोरलं गेलं तर चोर आपल्या पैशांवर स्वतःच्या जाहिराती चालवतो. 'आपलं पेज कॉपीराइटच्या तक्रारीमुळे 24 तासांत बंद होईल, इथे दाबा' असे संदेश मेटाच्या नावाने येतात. गायकांना ते हमखास घाबरवतात, कारण कॉपीराइटची भीती खरीच असते. ती लिंक दाबू नये.

यानंतरच्या पायरीवर निम्मे लोक गळतात, म्हणून जरा सावकाश घेऊ. आपल्याला मेटाला सांगायचं आहे की 'क्लिक करणारा नको, गाणं ऐकायला जाणारा शोध'. पण स्पॉटिफायच्या आत काय घडलं ते मेटाला दिसत नाही, आणि तिथे आपल्याला काही बसवताही येत नाही. म्हणून मधे एक पान घालतात. त्याला स्मार्ट लिंक म्हणतात: वर गाण्याचं चित्र, खाली स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब, जिओसावन अशी बटणं. फीचर डॉट एफएम, लिंकफायर, हायपेडिट अशा सेवा असं पान तयार करून देतात.

त्या पानावर 'पिक्सेल' बसवायचा. पिक्सेल म्हणजे पानावर काय घडलं ते मेटाला कळवणारा छोटासा कोड. आपल्याला कोड लिहावा लागत नाही. मेटाच्या 'इव्हेंट्स मॅनेजर'मध्ये पिक्सेल तयार केला की एक लांबलचक क्रमांक मिळतो, तो स्मार्ट लिंकच्या सेवेत नेऊन चिकटवायचा. आता माणसाने 'स्पॉटिफायवर ऐका' हे बटण दाबलं की मेटाला खबर जाते. दोनदा दाबणारा माणूस नुसता क्लिक करणारा उरत नाही. पहिल्यांदा त्याने जाहिरात दाबली, दुसऱ्यांदा बघून, ठरवून ॲप निवडलं.

पिक्सेल चालू आहे की नाही हे 'टेस्ट इव्हेंट्स' या भागात तपासता येतं. स्वतःच्या फोनवरून बटण दाबावं आणि नोंद उमटते का ते पाहावं. नोंद न उमटता जाहिरात सुरू केली तर यंत्रणा आंधळी होऊन पैसे खर्च करते. याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी: इन्स्टाग्रामच्या आतून लिंक उघडल्यावर स्पॉटिफायचं ॲप उघडतं, की लॉगिन मागणारं वेबपान येतं? वेबपान आलं तर माणूस तिथूनच परत फिरतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर बघावं.

मोहिमेचे तीन मजले

ॲड्स मॅनेजरमध्ये सगळं तीन पातळ्यांवर असतं. वर 'कॅम्पेन', म्हणजे मोहीम. इथे उद्देश ठरतो. मधे 'ॲड सेट'. इथे कुणाला, कुठे, किती पैशांत हे ठरतं. खाली प्रत्यक्ष 'ॲड', म्हणजे व्हिडिओ आणि मजकूर.

उद्देशांच्या यादीत सहा नावं दिसतात. गायकाचा हात आपसूक 'ट्रॅफिक' किंवा 'एंगेजमेंट'कडे जातो. आपण 'सेल्स' निवडावं, जरी काही विकायचं नसलं तरी. कारण पिक्सेलवरची नोंद हेच आपलं उद्दिष्ट, असं स्पष्टपणे सांगायची जागा तिथे असते. खाली 'वेबसाइट' निवडून बटण दाबल्याची नोंद उद्दिष्ट म्हणून लावायची.

मधल्या मजल्यावर 'प्लेसमेंट' म्हणजे जाहिरात दिसण्याच्या जागा असतात. मेटा सगळ्या जागा आपोआप निवडून ठेवतं. त्यातलं 'ऑडियन्स नेटवर्क' तरी काढून टाकावं. तिथे आपलं गाणं कुठल्यातरी गेमच्या मधोमध लागतं आणि फुलीऐवजी चुकून जाहिरातीवर बोट पडतं. सुरुवातीला इन्स्टाग्रामच्या रील्स, स्टोरी आणि फीड एवढंच ठेवावं.

कुणाला दाखवायची

मराठी गाण्यासाठी पहिला मोह होतो तो भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिण्याचा. हा सापळा आहे. मेटा तिथे माणसाने आपलं ॲप कोणत्या भाषेत ठेवलंय ते प्रामुख्याने बघतं. आपल्या ओळखीच्या किती जणांचा फोन मराठीत आहे ते आठवून पाहा. ही अट घातली की इंग्रजीत फोन ठेवून दिवसभर मराठी गाणी ऐकणारे बहुतेक श्रोते बाहेर राहतात.

त्याऐवजी जागा आणि आवड यांची सांगड घालावी. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा, छत्रपती संभाजीनगर या शहरांत मराठी ऐकणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. मुंबईत नुसतं शहर निवडलं तर बरीचशी जाहिरात मराठी न कळणाऱ्यांपुढे जाईल, म्हणून तिथे आवडीची चाळणी हवी. मराठी संगीतकार, गायक, नाटक-सिनेमा, मराठी वाहिन्या यांची नावं 'इंटरेस्ट'च्या चौकटीत टाकून कोणती सापडतात ते पाहावं. सगळी सापडत नाहीत. अजय-अतुलसारखं मोठं नाव मिळालं तरी त्यांचा चाहतावर्ग अफाट आहे, हिंदीतलाही आहे. आपलं गाणं गझलेच्या वळणाचं असेल तर गझल आणि मराठी कविता यांच्या आसपासची आवड अधिक उपयोगी पडते.

उलट टोकही टाळावं. सहा आवडी, तीन वयोगट, चार शहरं अशा चाळण्या लावून प्रेक्षकगट काही हजारांवर आणला तर यंत्रणेला शोधायला जागाच उरत नाही आणि दर चढतो. सैल पण मराठी वळणाचा गट चांगला.

परदेशातले मराठी श्रोते हा आकर्षक विषय आहे. अमेरिका, ब्रिटन, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथली मंडळी ऐकतात, आणि तिथल्या एका स्ट्रीमचं मानधनही भारतातल्यापेक्षा जास्त असतं. पण भारत आणि अमेरिका एकाच ॲड सेटमध्ये कधीही घालू नयेत. भारतातला क्लिक पुष्कळ स्वस्त असल्याने सगळे पैसे इथेच खर्च होतात आणि अमेरिकेत जाहिरात दिसतही नाही. त्यांच्यासाठी वेगळा ॲड सेट, वेगळे पैसे. भारताबाहेर आवडीची चाळणी कडक हवी, कारण न्यू जर्सीत मराठी माणूस सापडणं यंत्रणेला पुण्याइतकं सोपं नाही.

क्लिप

वरचं सगळं बरोबर केलं आणि क्लिप फसली, तर सगळं फसलं. निवाडा पहिल्या दोन-तीन सेकंदांत होतो.

मराठी गाण्यांची सुरुवात सहसा लांब असते. बासरी, मग तानपुरा, मग दूरवर उभा गायक, मग नाव. संगीतात हे सुंदर असतं. जाहिरातीत या बासरीवरच अंगठा वर सरकतो. क्लिप मुखड्यापासून किंवा गाण्यातल्या सर्वांत बोलक्या ओळीपासून सुरू करावी. पंधरा ते तीस सेकंद पुरेत. चित्र उभं, नऊ बाय सोळा मापाचं असावं. खालच्या भागात इन्स्टाग्रामचा मजकूर आणि बटणं येतात, तेव्हा शब्द मधोमध ठेवावेत.

गाण्याचे बोल देवनागरीत पडद्यावर द्यावेत, आणि टाइप मोठा असावा. फीडमध्ये पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यांना थांबवणारी गोष्ट शब्दच असते. शिवाय देवनागरी अक्षरं स्वतःच चाळणी करतात: ज्याला वाचता येत नाही तो पुढे जातो, आणि त्याने जावं हेच आपल्याला हवं असतं.

ड्रोनने काढलेला सह्याद्री असलाच पाहिजे असं नाही. खोलीत बसून गाणारा चेहरा, हार्मोनियमवरचे हात, स्टुडिओतला टेक अशा साध्या क्लिप अनेकदा महागड्या व्हिडिओपेक्षा सरस ठरतात. कोणती चालेल हे आधी कुणालाच कळत नाही, मलाही नाही. म्हणून एकाच ॲड सेटमध्ये तीन-चार वेगवेगळ्या क्लिप ठेवाव्यात: वेगळी ओळ, वेगळं चित्र, वेगळी सुरुवात. एकाच क्लिपचे चार रंग म्हणजे चार क्लिप नव्हेत.

मजकुरात 'यंदाचं सर्वांत गोड प्रेमगीत' असं लिहू नये, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. गाणं कशाबद्दल आहे ते एका ओळीत सांगावं. आणि गाणं शाहिरी, भीमगीत किंवा शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचं असेल तर एक खबरदारी: राजकीय आणि सामाजिक प्रश्नांवरच्या जाहिरातींसाठी मेटा ओळखीची पडताळणी आणि 'पैसे कुणी दिले' हे जाहीर करणं मागतं. हे आधी केलं नाही तर जाहिरात अडकते, आणि 14 एप्रिलची आंबेडकर जयंती उलटून गेल्यावर सुटते.

पैसे आणि धीर

किती लावावेत? बुडाले तरी महिन्याचं घर अडणार नाही इतकेच. समजा दिवसाला 300 रुपये, सात दिवस: 2,100, अधिक 378 रुपये जीएसटी, एकूण 2,478. पहिल्या परीक्षेला एवढं पुरतं.

नवी जाहिरात सुरू झाली की मेटाची यंत्रणा 'लर्निंग फेज'मध्ये, म्हणजे शिकण्याच्या टप्प्यात असते. आठवडाभरात सुमारे 50 वेळा हवी ती कृती घडली की ती स्थिरावते. तोवर दर वरखाली होतो: पहिल्या दिवशी एका बटणाला चाळीस रुपये पडतात, तिसऱ्या दिवशी बारा. इथेच धीर सुटतो. आपण रात्री अकराला ॲप उघडून बजेट बदलतो, एक शहर काढतो, दुसरं घालतो. असा मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. निदान चार-पाच दिवस हात लावू नये. लिंक तुटली असेल तर गोष्ट वेगळी.

वेळही पाहावी. दिवाळीच्या आसपास मोठ्या कंपन्या लिलावात उतरतात आणि सगळ्यांचेच दर चढतात. प्रेमगीताला तेव्हा जाहिरात करायची घाई नको. गणपतीचं किंवा वारीचं गाणं मात्र हंगामातच चालतं. त्याची जाहिरात दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी, म्हणजे स्थापनेच्या दिवशी यंत्रणा शिकून तयार असते.

आकडे कसे वाचावेत

मेटा सांगेल: इतक्यांना दिसली, इतक्यांनी बटण दाबलं. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स सांगेल: इतके श्रोते, इतक्यांनी गाणं सेव्ह केलं. हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत. 2021 मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपना माग काढण्याआधी परवानगी विचारायला लावली, तेव्हापासून मेटाला सगळं दिसतही नाही. काही जण बटण दाबून ऐकतच नाहीत. स्पॉटिफायवर तर 30 सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम मोजली जात नाही. म्हणून जाहिरात सुरू करण्याआधीच्या आठवड्याचे आकडे लिहून ठेवावेत आणि नंतरचे त्याशेजारी मांडावेत.

आता हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. 2,100 रुपयांत 210 जणांनी बटण दाबलं, म्हणजे एकाला दहा रुपये. त्यातल्या 30 जणांनी गाणं सेव्ह केलं, म्हणजे एका सेव्हला 70 रुपये. शेजारच्या गायकाने तेवढ्याच पैशांत बूस्ट करून 700 क्लिक मिळवले, एकाला तीन रुपये. तो आपल्याला हसेल. पण त्याच्याकडे सेव्ह झाले दहा. त्याचा एक सेव्ह 210 रुपयांना पडला. क्लिकचा दर हा दाखवायचा आकडा आहे, सेव्हचा दर हा आपला.

सेव्हला एवढं महत्त्व का? ज्याने गाणं आपल्या यादीत ठेवलं, तो ते जाहिरात बंद झाल्यावरही ऐकतो. एका श्रोत्यामागे किती स्ट्रीम पडतात हेही पाहावं. तो आकडा एकाच्या आसपास घुटमळत असेल तर माणसं येऊन जात आहेत, थांबत नाहीत.

स्ट्रीमिंगच्या मानधनातून हा खर्च वसूल होणार नाही, हे स्पष्ट असू द्यावं. 2024 पासून स्पॉटिफायवर गेल्या बारा महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. त्यापुढेही भारतातले दर क्षुल्लक आहेत. वसुली होते ती कार्यक्रमांतून, शिकवणीतून, कुणी मालिकेसाठी किंवा लघुपटासाठी गाणं मागितलं त्यातून. स्पॉटिफाय श्रोत्यांची शहरवार यादी देतं. नाशिकमध्ये अनपेक्षितपणे श्रोते वाढलेले दिसले, तर तिथल्या शंभर खुर्च्यांच्या जागेची चौकशी करण्याची ती वेळ आहे.

दुसरी फेरी

पहिल्या आठवड्यात एक-दोन क्लिप पुढे निघून जातात. उरलेल्या बंद कराव्यात. चालणारीचं बजेट वाढवायचं तर हळूहळू, एकदम तिप्पट नाही.

आता 'रीटार्गेटिंग' करता येतं, म्हणजे एकदा भेटलेल्यांना पुन्हा भेटणं. ज्यांनी क्लिप निम्म्याहून जास्त पाहिली किंवा इन्स्टाग्रामवर आपल्या पोस्टला प्रतिसाद दिला, त्यांचा वेगळा गट मेटा करून देतं. त्यांना तीच क्लिप पुन्हा दाखवण्यात अर्थ नाही. त्यांना दुसरं गाणं दाखवावं, किंवा कार्यक्रमाची तारीख. तिकिटं याच गटात विकली जातात, अनोळखी गटात क्वचितच.

'लुकअलाइक' हा पुढचा प्रकार: आपल्या श्रोत्यांसारख्या माणसांचा गट. त्यासाठी मूळ यादीत एका देशातली किमान 100 माणसं लागतात, प्रत्यक्षात हजारभर असली तरच काही हाती लागतं. पहिल्या महिन्यात त्याच्या मागे लागू नये.

भेटलेल्यांपैकी जे खरोखर जवळ येतात, त्यांचे ईमेल पत्ते जमवायला किंवा त्यांना आपल्या व्हॉट्सॲप चॅनेलवर आणायला सुरुवात करावी. ॲप कायमचं नसतं: टिकटॉक गेलं, विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप 2024 मध्ये बंद झालं. तिथले फॉलोअर त्याबरोबर गेले.

यूट्यूबचं वेगळं

यूट्यूबची जाहिरात गूगल ॲड्समधून चालते. पाच सेकंदांनंतर 'स्किप' करता येणारी जाहिरात कुणी 30 सेकंद (किंवा त्याहून छोटी असेल तर पूर्ण) पाहिली की व्ह्यू धरला जातो. आकडा भराभर वाढतो आणि मन सुखावतं. इथे फसगत सोपी आहे.

2019 च्या जुलैमध्ये बादशाहच्या 'पागल' या गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यू मिळाल्याचं जाहीर झालं. त्यात जाहिरातींचा वाटा होता हे पुढे आलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये यूट्यूबने जाहिरातीतून आलेले व्ह्यू म्युझिक चार्ट आणि 24 तासांच्या विक्रमांसाठी मोजणं थांबवलं. आपल्यासारख्यांना लागू होणारा नियम आणखी जवळचा आहे: लांब व्हिडिओंच्या बळावर चॅनेलवरून जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं लागतं, त्यात जाहिरात म्हणून पाहिलेला वेळ धरत नाहीत.

तरी यूट्यूब सोडायचं नाही. खेड्यापाड्यात आणि वडीलधाऱ्यांत मराठी गाणं अजून तिथेच ऐकलं जातं, आणि भक्तिगीतांना तर पर्याय नाही. फक्त जाहिरात कुठे दिसली ती यादी उघडून पाहावी. बालगीतांचे आणि कार्टूनचे चॅनेल तिथे भरपूर निघतात: आईच्या फोनवर दोन वर्षांचं मूल आपली गझल 30 सेकंद 'ऐकत' असतं. असे चॅनेल वगळता येतात, वगळावेत.

ज्यांना नाही म्हणायचं

गाण्याला थोडी हालचाल आली की संदेश येऊ लागतात. 'दहा हजार स्ट्रीम, खात्रीशीर प्लेलिस्ट, फक्त दीड हजार.' हे स्ट्रीम बहुतेकदा माणसांचे नसतात, यंत्रांचे असतात. स्पॉटिफाय ते ओळखून काढून टाकतं, 2024 पासून अशा गाण्यांसाठी डिस्ट्रिब्युटरकडून दंडही घेतं, आणि डिस्ट्रिब्युटर तो आपल्या माथी मारतो किंवा गाणं उतरवतो. त्याहून मोठं नुकसान असं की खोट्या श्रोत्यांच्या सवयी बघून स्पॉटिफाय आपलं गाणं पुढे कुणाला सुचवायचं ते ठरवतं. खात्रीचा आकडा विकणारा कुणीही असो, त्याला नाही म्हणावं.

मग थांबायचं कधी? दोन-तीन वेगळ्या क्लिप झाल्या, प्रेक्षकगट एकदा बदलून झाला, बटण दाबणारे येत आहेत पण सेव्ह जवळपास नाहीत, तर त्या गाण्याची जाहिरात बंद करावी. दोष यंत्रणेचा नाही, आणि गाणं वाईट आहे असंही नाही. अनोळखी माणसाला ते पहिल्या भेटीत धरून ठेवत नाही, एवढंच त्यातून कळतं. उरलेले पैसे पुढच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला ठेवावेत.